देवाचा दरबार आणि राहुरीची चूल

सुरत शहराच्या दक्षिण अंगाला, उधन्याच्या पलीकडे, नवागाम-डिंडोली नावाची वस्ती आहे. खानदेशातून कामधंद्यासाठी आलेल्या मराठी कुटुंबांनी ती भरली आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव येथील माणसे सुरत-जळगाव लोहमार्गाने येत राहिली आणि वस्ती वाढत गेली. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती अशा तीन भाषांवर येथील मुलांचे दिवस चालतात. मागे तेथे जाण्याचा योग आला असता मराठी शिकविणाऱ्या एका शिक्षकमित्राने आम्हांस एक प्रश्न विचारला. ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून ते वर्गात रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा परिचय करून देत होते आणि टिळक ख्रिस्ती झाल्याचे ओघाने सांगून गेले होते. एका मुलीने उभे राहून विचारले, “ख्रिस्ती झाले म्हणजे सकाळी उठून ते वेगळे काय करीत होते?” मित्राने तिला, पुढे सांगतो, असे म्हणून वेळ मारून नेली, आणि तो प्रश्न आमच्या पदरी टाकला.

प्रश्न बालबुद्धीचा आहे असे म्हणून त्याला बाजूस सारणे आम्हांस जमले नाही. धर्मांतराचा इतिहास आपण तारखांनी लिहितो : अमक्याने अमक्या दिवशी बाप्तिस्मा घेतला, जातीने बहिष्कार घातला, वर्तमानपत्रांत गहजब झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात पाणी कोणी भरले, चूल कोणी पेटविली, शेजेला कोण बसले, हे आपण विचारीत नाही. परंतु शिष्यत्व म्हणून ज्याला म्हणतात ते दुसऱ्या दिवसाच्या सकाळीच सुरू होते.

ज्या शहरात हा प्रश्न निघाला त्या सुरतेलाही या विषयाचा जुना संबंध आहे. १८१५ च्या सुमारास लंडन मिशनरी सोसायटीचे लोक तेथे आले. त्यांनी छापखाना घातला आणि गुजरातीत बायबल आणण्याचे काम केले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते ठाणे आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनच्या हाती गेले, आणि त्या मिशनची शाळा व छापखाना ही दोन्ही सुरतेत दीर्घकाळ नावाजलेली होती. इकडे मुंबईस १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी उतरले. त्यांच्या कार्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले, आणि पुढे अहमदनगर हे त्याचे मोठे केंद्र बनले. दोन्ही ठिकाणी शाळा, दवाखाना, छापखाना हा क्रम सारखाच होता. मराठी बाजूस एक गोष्ट मात्र विशेष घडली. ख्रिस्ताच्या मागे चालणे म्हणजे घरात, भाषेत, जेवणाच्या पंक्तीत काय करणे, याचा विचार तेथील माणसांनी स्वतः लिहून ठेवला, आणि तो उत्तम मराठीत लिहिला.

मराठीत ख्रिस्तकथा आणण्याचा पहिला मोठा मान अर्थातच फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा. गोमंतकात १६१६ मध्ये ते छापले गेले. पण त्यातला श्रोता पुराण ऐकणारा आहे, आणि त्याच्या घरात काय चालले आहे ते पुराणकाराला सांगायचे नाही. पुढे बाबा पदमनजी यांनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिले आणि १८८८ मध्ये ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या गृहस्थाचे मनोमंथन त्यात फार प्रामाणिकपणे आले आहे. तथापि त्याचाही भर उंबरठा ओलांडण्यावर आहे. नावच पाहा, अरुणोदय. दिवस कसा गेला ते जाणण्यासाठी आपल्याला टिळकांच्या घरात जावे लागते.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. स्वभाव उतावळा, मन उदार, पाय एका ठिकाणी न ठरणारे. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. गिरिप्रवचनापाशी ते थबकले. दोन वर्षे मनात झुंज चालली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा सर्व भाग सर्वश्रुत आहे, म्हणून त्यावर आम्ही अधिक रेंगाळत नाही. तुकोबांच्या अभंगांचा पूल ओलांडून आपण ख्रिस्तापाशी आलो, असा आशय ते पुढे वारंवार सांगत, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. हा पूल त्यांनी मागे वळून तोडला नाही. त्यांच्या भक्तिगीतांत अभंग आणि ओवी ही वृत्ते आपल्या माहेरच्या घरात वावरावे तशी वावरतात. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांच्या रचना आजही आहेत आणि आजही गाइल्या जातात.

आता त्या सकाळीकडे वळू. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा जन्म १८६८ चा. त्यांचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेल्या जिनसा धुतल्यावाचून घरात येऊ नयेत. अशा घरातली मुलगी वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी टिळकांच्या हाती पडली. पतीने धर्म बदलल्याची वार्ता आली तेव्हा पदरी लहान मुलगा होता. मग सुमारे पाच वर्षांचा वियोग. त्यातला पुष्कळ काळ त्यांनी बहिणीच्या आश्रयाने, पंढरपुरासही, काढला. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात हा काळ ज्या हसऱ्या लेखणीने आला आहे तिचे कौतुक आपण सारे करतो. शाळांच्या पुस्तकांतही त्यातले गमतीचे उतारेच बहुधा निवडले जातात. आमच्या मते हे अर्धे वाचन झाले. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ एका घराने धर्म कसा पचविला याचा इतिहासही आहे, आणि असा दुसरा दस्तऐवज मराठीत आमच्या पाहण्यात नाही.

वियोगानंतर लक्ष्मीबाई अहमदनगरास पतीकडे आल्या, पण धर्म घेऊन आल्या नाहीत. एका छपराखाली दोन धर्म आणि दोन चुली नांदू लागल्या. टिळकांनी बळजबरी केली नाही. हे सोपे नव्हते. उतावळ्या माणसाला एखादे सत्य सापडले म्हणजे घरच्यांनी ते दुपारपर्यंत मान्य करावे असे त्याला वाटते. येथे तो माणूस थांबला. आमच्या मते टिळकांच्या शिष्यत्वातील पहिली अवघड गोष्ट हीच होय. त्यांच्या कोणत्याही कवितेपेक्षा आम्ही ती मोठी मानतो.

नंतर बिऱ्हाड राहुरीस गेले. तेथे लक्ष्मीबाईंच्या मनात जो पालट झाला त्याचे स्वरूप विचार करण्याजोगे आहे. सुरुवात ख्रिस्ताच्या देवत्वाविषयीच्या सिद्धांतापासून झाली नाही, ती पाण्यापासून झाली. हातचे पाणी कोणाचे चालते आणि कोणाचे चालत नाही, हा भेद देवाने केला की माणसाने, या एका प्रश्नाचा त्यांनी स्वतःशी निकाल लावला. भेद माणसाचा आहे असे ठरले त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय झाला. पुढे १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. क्रम पाहावा : आधी पाणी, मग बाप्तिस्म्याचे पाणी. टिळक ग्रंथ वाचून ख्रिस्ताकडे गेले, लक्ष्मीबाई घागरीच्या वाटेने गेल्या. या दुसऱ्या वाटेचा मोठेपणा त्या काळच्या नगर जिल्ह्याची सामाजिक स्थिती ठाऊक असल्यावाचून कळत नाही. तेथील ख्रिस्ती मंडळ्यांतले बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतून आलेले होते. जलालपूरच्या गोखल्यांच्या लेकीने मंडळीत बसणे म्हणजे त्यांच्या पंक्तीला बसणे होते. बुद्धीला पटलेली गोष्ट घशाखाली उतरायला वेळ लागतो, हेही बाईंनी झाकून ठेवलेले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्या वाङ्मयेतिहासाने ती नीटशी सांगितलेली नाही. मराठी ख्रिस्ती साहित्य म्हटले की आपण टिळक, लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई यांची नावे घेतो. तिघेही ब्राह्मण घरांतून आलेले, आणि लिहिणे हा त्यांच्या घराण्यांचा वारसा. ज्या हजारो माणसांनी नगर जिल्ह्यातील खेड्यांत तोच मार्ग धरला त्यांच्या लेखणीत फारसे काही उरले नाही. त्यांनी काय सोडले होते? गावकीची कामे, मेलेली गुरे ओढणे, आणि त्याबरोबर गावाकडून मिळणारे बलुते. म्हणजे टिळकांच्या धर्मांतराने प्रतिष्ठा गेली, यांच्या धर्मांतराने भाकरीवर गदा आली. अहमदनगरातूनच १८४२ मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’च्या जुन्या अंकांत त्यांच्या जीवनाच्या खुणा अधूनमधून दिसतात. याच पत्राने १८५५ मध्ये मुक्ता साळवे या मातंग समाजातील विद्यार्थिनीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला. ती ख्रिस्ती नव्हती, फुल्यांच्या शाळेतली होती. तिचे गाऱ्हाणे छापण्याची जागा मात्र तिला या पत्रात मिळाली. अशा आणखी किती वह्या लिहिल्याच गेल्या नाहीत याचा विचार मनात येतो, आणि टिळकांच्या घराविषयी इतके सविस्तर लिहिताना थोडा संकोचही वाटतो.

राहुरीचा काळ दुष्काळाचा होता. १८९९-१९०० चा तो दुष्काळ गुजरातेत अद्यापि ‘छप्पनियो’ म्हणून ओळखला जातो, कारण विक्रम संवत १९५६ मध्ये तो पडला. टिळकांच्या घरी अनाथ मुले येऊ लागली. टिळक आणीत, आणि लक्ष्मीबाई जेवू घालीत. श्रमविभाग असा होता. घरात दाणा नसताना हातातले पैसे दुसऱ्याच्या गरजेवर, किंवा डोळ्यांत भरलेल्या एखाद्या वस्तूवर, खर्चून येण्याचा टिळकांचा स्वभाव होता. लक्ष्मीबाईंनी त्याचे जे वर्णन केले आहे ते वाचताना हसू येते, पण हसून झाल्यावर त्या दिवशी स्वयंपाक कसा झाला असेल हा विचार आल्यावाचून राहत नाही. दया ही टिळकांची वृत्ती होती, तर तिचा हिशेब बाईंच्या गळ्यात होता. हा हिशेब त्यांनी कुरकुरत, भांडत, विनोद करीत चुकता केला. आम्हांस विचाराल तर गिरिप्रवचनाचे सर्वांत बोलके मराठी भाष्य या भांडणांत आहे.

छप्पन्नच्या दुष्काळाचा आणखी एक धागा गुजरातेतून मराठी मुलखात येतो. पंडिता रमाबाईंनी त्या वर्षी गुजरातेतील दुष्काळग्रस्त मुली व स्त्रिया मोठ्या संख्येने केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे झाला. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्या तारखेहून महत्त्वाचे ते नंतरचे वाद होत. अंडे घातलेला पदार्थ त्या खाईनात, तेव्हा हा जातीचा अहंकार आहे असे तेथील धर्मभगिनींना वाटले. रमाबाई शाकाहारीच राहिल्या, शेवटपर्यंत. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, हा प्रश्नही त्यांनी केला. ख्रिस्ताचे म्हणणे ऐकायचे पण इंग्लंडच्या चर्चचे सगळेच ऐकायचे असे नाही, ही भूमिका त्यांनी ज्यांच्या अन्नावर त्या काळी राहत होत्या त्यांच्यापाशीच मांडली. धैर्य म्हणतात ते याला. पुढे १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी एक विलक्षण कबुली दिली. ख्रिस्ती धर्म आपल्याला आधी मिळाला आणि ख्रिस्त बऱ्याच वर्षांनी, असा तिचा भाव आहे. बाप्तिस्मा आणि शिष्यत्व यांतले अंतर यापेक्षा स्वच्छ कोणी सांगितले असेल असे वाटत नाही.

त्यांच्या मुक्तिसदनातला दिनक्रम म्हणजे काम. शेती, विणकाम, स्वयंपाक, छापखाना. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून बायबलचे सोपे मराठी भाषांतर केले, आणि ते मुद्रित करण्याचे काम तेथल्याच स्त्रियांच्या हातांनी झाले. उपाशी अवस्थेत आणलेल्या मुली पुढे खिळे जुळवू लागल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या त्याआधी थोडेच दिवस भाषांतराचे काम पुरे झाले होते. त्या भाषांतराच्या मराठीविषयी मतभेद होऊ शकतात. सोपेपणाच्या अट्टहासाने काही ठिकाणी ते रुक्ष झाले आहे असे आमचे मत आहे. परंतु आपण उद्धरलेल्या बायकांना स्वतः वाचता यावे म्हणून एका संस्कृत पंडितेने भाषा उतरवून घ्यावी, ही गोष्ट भाषांतराच्या गुणदोषांच्या बाहेरची आहे.

पुन्हा टिळकांच्या घरी येऊ. अहमदनगरच्या त्यांच्या घरात एक तरुण कवी राहून गेला : त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी. नवागामच्या वाचकांना त्यांच्याविषयी विशेष आपुलकी असावी, कारण बालकवींचे धरणगाव सुरत-जळगाव मार्गावरच आहे. त्याच वाटेने कित्येकांचे आईबाप सुरतेस आले. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात या मुलाच्या प्रतिभेचा गौरव झाला आणि पुढे टिळकांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. बालकवी हिंदूच राहिले. त्यांनी धर्म बदलावा म्हणून त्या घरात दडपण आले असते तर लक्ष्मीबाईंच्या लेखणीने ते लपविले नसते. ती लेखणी नवऱ्याच्याही चुका लपवीत नाही. त्या ठोमऱ्यांविषयी लिहितात ते आईने लेकाविषयी लिहावे तसे. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकानजीक रुळांवर बालकवींचा अंत झाला. त्यानंतर एका वर्षाने आणि चार दिवसांनी टिळकही गेले.

त्याआधी टिळकांच्या आयुष्यातले शेवटचे मोठे वळण आले होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासी म्हणून जगण्याचे ठरविले आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य बरोबरीने बसावेत, ही त्यातली मुख्य गोष्ट. चर्चच्या सभासदत्वाची वही आणि ख्रिस्ताच्या शिष्यांची वही या दोन निराळ्या आहेत, असे त्यांना म्हणावयाचे होते. ‘ज्ञानोदया’चे संपादन केलेल्या, रीतसर पाळकपदाची दीक्षा घेतलेल्या माणसाने हे म्हणावे याला मोठा अर्थ होता. परकी पगार आणि परकी शिस्त यांच्या छायेत मराठी ख्रिस्ती माणूस कायम पाहुणाच राहील, ही त्यांची जुनी खंत त्यामागे होती.

या कल्पनेची थोरवी मान्य करूनही आम्हांस एक शंका नोंदवावीशी वाटते. संन्यास घेणाऱ्याला घर असले म्हणजे तो संन्यास कोण फेडतो? बुद्धाच्या घरी यशोधरा होती, येथे लक्ष्मीबाई. फरक एवढाच की त्या मागे राहिल्या नाहीत. बिऱ्हाड साताऱ्यास हलले आणि त्याही गेल्या. संन्याशाचा प्रपंच त्यांनी चालविला. ज्या दोन चुलींपासून या घराची ख्रिस्ती कहाणी सुरू झाली होती ती शेवटी एका चुलीवर आली होती, आणि त्या चुलीत लाकडे आहेत की नाहीत हे पाहणे दरबाराच्या कामकाजात येत नव्हते. टिळकांना दोष द्यावा म्हणून आम्ही हे म्हणत नाही. त्यांना दोन वर्षेही मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईस ते निवर्तले. दरबारही त्यांच्यामागे फार काळ भरला नाही.

राहिले ते ‘ख्रिस्तायन’. ख्रिस्तचरित्राचे हे ओवीबद्ध काव्य टिळकांनी सुरू केले आणि थोडे अध्याय लिहून ते अर्धेच सोडून गेले. ज्यांना लहानपणी अक्षरओळखही नव्हती, पतीनेच ज्यांना लिहावाचायला शिकविले, त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. काव्य म्हणून त्यातला टिळकांचा भाग अधिक बांधेसूद आहे, हे खरे. पण बाईंच्या ओवीत येशू लोकांच्या दारी जातो, जेवतो, थकतो तेव्हा ती ओवी सहज चालते. जात्यावरच्या ओवीशी तिचे नाते आहे.

पुढे बाहेरची व्यवस्था बदलली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला उत्तर भारत चर्च स्थापन झाले, आणि सुरतेची जुनी आयरिश परंपरा व नगरची अमेरिकन परंपरा या दोन्ही त्यात सामील झाल्या. गुजराती आणि मराठी उपासना आपापल्या भाषांत चालू राहिल्या.

शिक्षकमित्राला आम्ही जे कळविले ते थोडक्यात असे. त्या मुलीला सांगावे की टिळक सकाळी उठून काय करीत ते त्यांच्या पत्नीने लिहून ठेवले आहे. ते कविता करीत, प्रार्थना करीत, पत्रे लिहीत, आणि पुष्कळदा कोणाला तरी घरी जेवायला घेऊन येत. मग राहुरीच्या पाण्याचा भाग वर्गात वाचून दाखवावा. मित्राचे उत्तर आले. त्याने तो भाग वाचला. वाचून झाल्यावर त्याच मुलीने दुसरा प्रश्न विचारला : जेवायला कोणाला आणले की बाईंना आधी सांगत होते का?

‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढून आम्ही पाहिले. बहुधा नाही.